बदकाचं वजन

गुरुत्वाकर्षण कुणाची भीड धरत नाही. मंत्री असो की महंत, जो पडतो तो खालीच पडतो. इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर मात्र त्याला भीड धरावी लागली, आणि तीही जेवणाच्या सुट्टीआधी.

तिथे लिलिस मोबाइलवरचा एक कोड्यांचा खेळ रचत होती. गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली: घरधनी रात्री मंत्राने डुक्कर होतो, लोकांच्या भिंतींना अंग घासून पैसा ओढतो, आणि बायको घरी मेणबत्ती राखत बसते. खेळताना ज्योतीवर बोट ठेवलं की डुकराचा दगड व्हायचा, दगडाचा बुडबुडा. फळ्या, दोऱ्या, उतार सगळं खऱ्यासारखं झुलायचं, आदळायचं. लिलिसने दोन वर्षं डुकराच्या वजनातच घालवली होती. कपाट ढकलेल पण दार मोडणार नाही, इतकंच जड. शेवटी नावांचा पडदा येईल, त्यावर तिचं नाव असेल, तो आईला दाखवायचा, एवढीच तिची हाव. आईच्या लेखी ती अजून ‘कम्प्युटरच्या दुकानात’ होती.

खेळांचा हा छोटा धंदा चालवणारा मालक दादान मोबाइल कंपनीतून परतला तो थेट तिच्या टेबलाशी.

“नेंग,” तो म्हणाला. वाईट काही सांगायचं असलं की तो तिला असं लाडाने पोरगी म्हणायचा. “कंपनी खेळ घेतेय. रमजानला बाजारात.”

“आणि?”

“तेवढं डुक्कर काढ.”

“कांग दादान,” लिलिस म्हणाली; थोरल्या भावाला दादा म्हणावं तशी ती त्याला कांग म्हणायची. “खेळात डुक्करच तर आहे.”

“म्हणून तर सांगतोय.”

“सैतानाशी करार केलेला चोर चालतो?”

“चोराबद्दल ते काही बोलले नाहीत.”

मग प्राण्यांची छाननी झाली. बकऱ्याचा बकरी ईदेशी संबंध. बैल एका पक्षाच्या झेंड्यावर. कोंबडी दुसऱ्या कंपनीच्या जाहिरातीत नाचत होती. माकड कुणीतरी उगाच स्वतःवर ओढून घेतलं असतं. उरलं बदक. बदकाला कुणाचीच हरकत नसते.

“बदक हलकं असतं,” लिलिस म्हणाली. “तरंगतं. सगळी कोडी मोडतील.”

“आतलं कशाला हलवतेस? वरचं चित्र बदल.”

तिने बदललं. बदक तळ्यात उतरलं आणि दगडासारखं तळाला जाऊन बसलं. वर आलं, कपाट लोटलं, पूल मोडला. उतारावरून गडगडताना त्याची मान लुळी पडून आपटत होती, कारण डुकराला मान अशी नसतेच. आवाज बदलायचा राहिला होता, बदक घुरघुरलं. मग ते भिंतीला अंग घासू लागलं. डुकराने घासलं की गोष्ट होत होती, बदकाने घासलं की त्याला नुसती खरूज झाल्यासारखं दिसत होतं. लिलिसच्या तोंडात तळलेल्या चिरेंग वड्याचा घास होता. तो तिने कागदात काढला. जिभेवर नुसतं तेल उरलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या बू मेलानी, म्हणजे मेलानीबाई, बघायला आल्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अय्या, घुरघुरतंय बघा! किती गोंडस!”

“बू, बदक बुडत नसतं,” लिलिस म्हणाली.

“सगळ्यांची तरंगतात गं. आपलं बुडतं! आणि बुडालं की डोक्यावरची टोपी वाहून जाऊ दे. लोक नवी घेतील.”

“टोपी कुठली?”

“घालाल ना तुम्ही.”

दादानने मान डोलावली, थेट त्या बदकासारखी. बू मेलानी जिना उतरल्या तशी लिलिस उठली.

“कांग, माझं नाव काढा.”

“कशातून?”

“खेळातून. ह्या घाणीखाली मला माझं नाव नको.”

“दोन वर्षं राबलीस, नेंग. आईला काय दाखवशील?”

“कम्प्युटरचं दुकान.”

दादानने तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. “बरं,” तो म्हणाला, “काढतो.” इतक्या पटकन मानेल असं तिला वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी खालच्या साबणाच्या वासातून जाताना तिला बऱ्याच दिवसांनी स्वच्छ वाटलं. आयुष्यात एक ताठ गोष्ट तिच्या हातून झाली होती.

खेळ बाजारात आला. नाव खरंच काढलंय ना, हे बघायला लिलिसने तो फोनवर घेतला, नाक मुरडत सगळी कोडी सोडवली आणि शेवटाला पोचली.

नावांचा पडदा खेळात नव्हताच. तिथे बदकाच्या टोप्या विकायला ठेवल्या होत्या.