इले कवळीच बसवा

डॉक्टर नूपुर यांनी संगणकावर एक्स-रे उघडला आणि प्रश्न विचारला तो जितेंद्रला.

"आईंसाठी दोन पर्याय आहेत. काढता-घालता येणारी कवळी, नाहीतर हाडात स्क्रू बसवून पक्के दात, म्हणजे इम्प्लांट. तुमचा काय विचार आहे?"

जितेंद्रने वडिलांकडे पाहिलं. शालिकराम कोपऱ्यातल्या खुर्चीवर मोबाइल पाहत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "इले कवळीच बसवा, डॉक्टर. घरातच तं राह्यते. इले कोनासमोर बोलाचं आहे?"

गोपिकाबाई तपासणीच्या खुर्चीत उताण्या पडल्या होत्या. तोंडात कापसाचे बोळे होते. त्यांनी ते बोटांनी ओढून बाहेर काढले, गळ्याशी लावलेला कागदी रुमाल काढून ट्रेमध्ये टाकला आणि चप्पल घालून दवाखान्याबाहेर पडल्या. मागून जितेंद्र "आई, अवं आई" करत आला. त्या थेट गाडीत जाऊन बसल्या. सक्करदऱ्याहून दिघोरीला घरी आल्याबरोबर त्या स्वयंपाकघरात शिरल्या.

शालिकरामांना पक्के दात बसवून दोन वर्षं झाली होती. त्याआधी त्यांचीही कवळीच होती. कुहीला पुतण्याच्या लग्नात चारचौघांत बोलता बोलता ती निसटली, पोरं हसली, आणि घरी आल्याबरोबर त्यांनी ती कचऱ्यात फेकली. तेव्हा कवळी की पक्के दात, असं कोणी विचारलं नव्हतं; पक्केच ठरले. शुगर जास्त म्हणून डॉक्टर ऑपरेशनला तयार नव्हते. मग गोपिकाबाईंनी त्यांचं खाणं मोजूनमापून केलं, गोड लपवून ठेवलं, पहाटे ओढून फिरायला नेलं. ऑपरेशननंतर कित्येक महिने पेज, गुरगुट्या भात, वरणाचं पाणी. त्याच काळात स्वतःच्या दाढा दुखत होत्या. लवंग धरून त्या चुलीशी उभ्या राहत. एकेक दाढ काढावी लागली, पुढे दातही गेले. आता वर एकही नव्हता, खाली उरलेले चार हलत होते.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांच्या ताटात तेच वाढलं, जे त्या स्वतः वर्षभर खात होत्या. वरणात कालवलेला मऊ भात आणि घोटलेली पालकाची भाजी.

"भाकर नाही केली का आज?" शालिकरामांनी विचारलं.

"नाही."

"काहून?"

"घरातल्या घरात कायले पाह्यजे भाकर? तुमाले आता कोनासमोर बोलाचं आहे?"

सून मिनल पाणी ओतता ओतता थांबली. शालिकरामांनी ताट सरकवलं. "त्याच्यात एवढा राग कायचा वं? तुह्या भल्याचंच म्हटलं."

"माह्यं भलं मले विचारून नाही ठरत?"

जितेंद्र मध्ये पडला. "आई, पैशाचं नाही गं. ऑपरेशन राह्यते. तुले शुगर आहे."

"यायले नव्हती?" गोपिकाबाईंचा आवाज चढला. "यायची शुगर खाली आनाले मी होती. माह्यी शुगर आली का तुमचे हातपाय गळाले! घरात राह्यते म्हने. घरातल्या बाईले चावाले नाही लागत? यायच्यासाठी शेंगदाने भाजाचे, आन् आपन कूट करून गिळाचे!"

शालिकराम उठून हात धुऊन आले आणि टीव्ही लावून बसले. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, त्याने गोपिकाबाईंचं डोकं आणखीच तापलं.

दोन दिवसांनी त्या एकट्याच ऑटोने दवाखान्यात गेल्या.

"सोबत कोण आलंय, आजी?" नूपुरने विचारलं.

"मी आली ना. दात माह्ये आहेत. त्या दिवशी तुमी माह्या पोराले विचारलं. मी काय मेली होती का त्या खुर्चीत?"

नूपुरचा चेहरा उतरला. "चुकलं माझं," ती म्हणाली आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. मग तिने सगळं नीट सांगितलं. वरच्या जबड्याचं हाड झिजून पातळ झालं होतं. तिथे पक्के दात बसवायचे तर आधी हाड भरावं लागेल आणि बरेच महिने थांबावं लागेल. खालचं हाड मात्र चांगलं होतं. हलणारे दात काढून तिथे दोनच स्क्रू बसवले, तर त्यावर कवळी बटणासारखी घट्ट बसेल, जेवताना सरकणार नाही. आधी शुगर तपासू.

शुगर आटोक्यात निघाली. नवऱ्यासोबत तेच मोजलेलं अन्न त्याही खात आल्या होत्या.

"वर साधी कवळी लावा," गोपिकाबाई म्हणाल्या. "हाड भरत बसाची माह्यी इच्छा नाही. खाली ते दोन स्क्रू बसवा. तारीख द्या."

घरी सांगितलं तेव्हा शालिकराम हसले. "म्हंजे वर कवळीच ना? मी तं तेच म्हनून राह्यलो होतो."

"तुमी हे नव्हतं म्हटलं," त्या म्हणाल्या. "तुमी 'इले' म्हटलं. खुर्चीत बसलेल्या मानसाले 'इले' म्हनत नाही. आन् आयका, ऑपरेशन झाल्यावर माह्यी पेज तुमी कराची. मिनल नाही. तुमी."

ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी शालिकरामांनी केलेली पेज बुडाला लागली. गोपिकाबाईंनी सुजलेल्या तोंडाने एक चमचा घेतला आणि वाटी परत केली. शालिकरामांनी कुरकुरत पुन्हा पातेलं चढवलं. आठवडाभराने पेज खाण्यासारखी झाली. त्या खात, पण छान झाली असं म्हणत नसत.

खालचे दात चांगले बसले. वरच्या कवळीने हिरडीला फोड आले, ती घासून घ्यायला दोन-तीन खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला त्या एकट्या गेल्या.

दिवाळीनंतर कुहीहून शालिकरामांचे चुलतभाऊ रुपराव भेटायला आले. चहा घेता घेता शालिकराम म्हणाले, "हिचेबी दात करून देल्ले आमी."

गोपिकाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "करून देल्ले नाही. मी केले. यायनं तं कवळीच बसवा म्हटलं होतं, मले न विचारता."

रुपरावांनी कप खाली ठेवला. शालिकरामांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलतील म्हणून त्या तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला. मग गोपिकाबाईंनी रुपरावांना धानाच्या पिकाचं काय झालं ते विचारलं आणि खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.