न आलेला वास

मी एक जुना इनॅमलचा टब आहे. कारखान्यातून आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता काठाचे टवके उडालेत. पण मित्रांनो, माझ्या रूपावर जाऊ नका. दातांच्या डॉक्टरांचे कोट, हॉटेलातली टेबलक्लॉथ, बाळांची दुपटी, सगळ्यांचा मळ मी पोटात घेतला आणि कधी कुणाची चहाडी केली नाही.

माझ्या मालकीणबाईंना सगळे लाँड्रीच्या आई म्हणतात. तीस वर्षं त्यांचा एकाच गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे ब्लीचवर. कपडा कसाही येवो, त्या झाकणभर ओतणार आणि म्हणणार, "पांढरं म्हणजे कसं, डोळे दिपले पाहिजेत!" कपडे विरले, त्यांच्या बोटांची सालं निघाली, माझी चकाकी गेली. तरी गिऱ्हाइकांच्या कौतुकाने मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू?

मग नातीला धाप लागायला लागली. चार वर्षांची चिमणी, लाँड्रीमागच्या खोलीत वाढणारी. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ब्लीचच्या वासाने पोरीचा श्वास कोंडतो, पुढचा झटका जिवावर बेतेल. सूनबाईंनी त्याच दिवशी ब्लीचचे कॅन बाहेर काढले. त्यांच्या जागी डाग काढणारी, बिनवासाची ऑक्सिजनवाली पावडर आली. ती कोमट पाण्यात विरघळवून कपडे चार तास भिजत घालायचे, दोनदा खळबळून काढायचे, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर आणि मग कडक ऊन.

"कपडे धुतेस की लोणचं घालतेस?" आईंनी नाक मुरडलं. उगाच वाद नको म्हणून सूनबाई व्हिनेगरची बाटली साबणाच्या खोक्यामागे लपवून गुपचूप वापरू लागल्या. इकडे आईंनीही ब्लीचचा एक कॅन इस्त्रीच्या टेबलाखाली दडवला होता. दोघींची गुपितं मला ठाऊक, आणि मी मुका!

त्या दुपारी डॉक्टरांचे कोट माझ्यात व्हिनेगरच्या पाण्यात बुडाले होते. "आई, चिमणीकडे बघा हं, आलेच," म्हणत सूनबाई दोऱ्या बांधायला गच्चीवर गेल्या. चिमणी माझ्याशेजारी बसून कपड्यांचे चिमटे ओळीने लावत होती. आईंनी एक कोट उचलला, कॉलरवरचा पिवळट डाग पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. खिडकी बंद होती. "एका झाकणाने काय होतंय," म्हणत त्यांनी टेबलाखालचा ब्लीचचा कॅन काढला. झाकण फिरलं.

व्हिनेगरचा वास जिन्यात उभ्या माणसालाही आला असता. आईंना येईलच, असं मी मनाला समजावत होतो. त्या वाकल्या. त्यांचं नाक पाण्यापासून वीतभर अंतरावर होतं. त्यांनी ओतलं.

व्हिनेगरला ब्लीच भिडलं आणि पाण्यातून हिरवट-पिवळा विषारी धूर उठला. आईंना खोकल्याची उबळ आली, डोळ्यांतून धारा लागल्या, आणि तरी त्या दुसरा कोट चाचपत होत्या. चिमणीच्या हातातला चिमटा गळून पडला. तिची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. तोंड उघडं होतं, पण आवाज फुटेना. मला ओरडायचं होतं. कसा ओरडणार?

जिन्यावर पावलं वाजली. "आई, बाहेर! आधी बाहेर चला!" सूनबाईंनी चिमणीला उचललं, आईंचा दंड धरून ओढलं आणि दार सताड उघडं टाकलं. मी एकटाच मागे राहिलो. बाहेर चिमणीचा दम्याचा पंप फुसफुसला. एकदा. दोनदा. मग काहीच नाही. माझा जीव टांगणीला लागला. आणि मग चिमणी रडली. कुणाच्या रडण्याने इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पोरीला दवाखान्यात दाखवून आणल्यावर आई पायरीवरच बसून राहिल्या.

"मला वास येत नाही गं. दोन वर्षं झाली. नाक मेलंय माझं. सांगितलं असतं तर तू मला कामाला हात लावू दिला नसतास."

सूनबाईंच्या ओठांवर राग आला होता. त्या तो गिळून शेजारी बसल्या. "मी तरी व्हिनेगर अजून वापरते हे कुठे सांगितलं, आई?"

मित्रांनो, ब्लीचशिवायही कपडे पांढरे निघतात, थोडा वेळ जास्त लागतो एवढंच. आणि ब्लीचमध्ये दुसरं काही म्हणजे काही मिसळू नका. हल्ली आई माझ्याजवळ येण्याआधी दारातूनच हाक मारतात, "सूनबाई, यात काय आहे गं?" सूनबाई हातातलं काम टाकून सांगायला येतात. मी टब आहे, मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं, तर वेळेवर सांगा.