पिराजींच्या गालावरचं तेज

मंगळवार पेठेतल्या ऋतुराजला रविवारी मुलगी बघायला राधानगरीला जायचं होतं, आणि तोंडावर मुरुमांनी ठाण मांडलं होतं. हा घोळ त्याच्या वडिलांनी, पिराजींनी घातला होता.

पिराजींच्या दावणीला सात म्हशी. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी नटवून मिरवायच्या, म्हणून त्यांना भादरून असं तेल चोळायचे, की बघणाऱ्यानं त्यात बघून भांग पाडावा. यंदा थंडी लवकर पडली. पोराच्या गालाची सालं निघताना दिसली, तसं पिराजींनी उरलेलं तेल त्याच्या तोंडालाही जिरवलं. कातडं ते कातडंच, असं त्यांचं शास्त्र. म्हशी चमकल्या. ऋतुराजचे मुरुम मात्र आधी चार होते, ते चाळीस झाले. घाबरून त्यानं दिवसातनं सहा वेळा साबणानं तोंड घासलं, तेव्हा गाल लाल होऊन पार सोलवटून निघाले.

डॉक्टरीणबाईंनी त्याला चांगलंच झापलं. तेल बंद, घासणं बंद, फोडणं तर बिलकूल बंद. दोन वेळा सौम्य फेसवॉश, वर लगेच चिकट नसलेलं क्रीम, कारण थंडीत मुरुमाच्या कातडीलाही ओलावा लागतोच. मुरुम जायला दोन-तीन महिने लागतील, पण लाली पंधरवड्यात उतरेल, असं त्या म्हणाल्या.

पिराजींना आयताच विषय मिळाला. दूध घ्यायला येईल त्याला ते सांगत सुटले, की आमचं पोरगं आता नवरीगत मलम लावतंय. ऋतुराजनं ते गिळलं. पण आठव्याच दिवशी क्रीमची ट्यूब अर्धी झाली. आईवर संशय घेतला, तर तिनं अंबाबाईची शपथ घेतली. शुक्रवारी ट्यूब पार सपाट झाली, आणि दुकानात नेमकी तीच संपलेली. ऋतुराजनं ट्यूबवर लाटणं फिरवलं, तेव्हा कुठं नखभर क्रीम निघालं. ते एका गालालाच पुरलं.

रविवारी मुलीनं, निशिगंधानं, पोहे आणून ठेवले आणि मोबाइलमधल्या फोटोकडं आणि समोरच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. ऋतुराजच्या मित्रानं, सम्राटनं, फोटोतला चेहरा पार गुळगुळीत करून दिला होता. आता ही नाही म्हणणार, असं वाटून ऋतुराजनं क्रीम लावलेला गाल तेवढा तिच्याकडं वळवला.

तेवढ्यात निशिगंधाच्या मामांनी पिराजींना निरखलं. "पावणं, ह्या वयात काय तेज हाय तोंडावर! लावता तरी काय?"

सगळ्यांनी पिराजींकडं बघितलं. जुने खड्डे सोडले, तर गाल खरंच लोण्यासारखे मऊ दिसत होते. ऋतुराजच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, पाठोपाठ संतापही आला.

"घरचं दूध, दुसरं काय," पिराजी म्हणाले, आणि त्यांची नजर पोह्यांच्या बशीतनं वर येईना.

"मग ह्यांना दूध मिळत नाही वाटतं," निशिगंधा ऋतुराजकडं बघत म्हणाली, तशी बैठक हसली.

ऋतुराजला एका वाक्यात बापाला उघडं पाडता आलं असतं. पण पावण्यांसमोर बसलेला तो ओशाळलेला माणूस बघून त्याला बापाचीच दया आली. "मला दूध पचत न्हाय," तो म्हणाला. सात म्हशींच्या मालकाचा पोरगा हे बोलला, आणि ऐकून त्याची आईच ठसकली.

पिराजींना मात्र ते सोसवलं नाही.

"खोटं बोलतोय त्यो. त्याची ट्यूब मीच संपीवली," ते म्हणाले. "तरुणपणी माझ्या तोंडावर असंच मुरुम हुतं. गालावरचं खड्डं बघून एका घरनं मला माघारी लावलं हुतं. म्हटलं, आज तरी पावण्यात नीट दिसावं."

कुणी हसलं नाही. ऋतुराजचा राग उतरला. त्यानं फोटोचंही सांगून टाकलं.

निशिगंधानं मोबाइल पालथा ठेवला. "फोटो बघून मी नाहीच म्हणणार होते. असला गुळगुळीत माणूस मला पसंत नव्हता. हे चालतील मला." मग ती पिराजींकडं वळली. "पण मामंजी, लग्नानंतर माझ्या ट्यूबला हात लावायचा नाही."