टेस्ट पेशंट, वय नव्याण्णव

एक्स-रे विभागात त्यांना सगळे कोठीवाले म्हणत. कोठीत धान्य नव्हतं. लोकांची फुप्फुसं, गुडघे आणि मणके होते, तेही सर्व्हरवर. मशीनने काढलेली प्रत्येक प्रतिमा नाव-वय-तारखेसह जपायची आणि डॉक्टरांनी मागितली की समोर धरायची, एवढंच त्यांचं काम.

या कोठीला एक चोरदरवाजा होता. मशीन दुरुस्त झालं की ते तपासायला ‘टेस्ट पेशंट’ या नावाने एखादी प्रतिमा काढत. त्यासाठी प्लास्टिकचा एक ठोकळाही होता. पण तपासायचंच आहे, तर ठोकळ्याऐवजी घरचंच कुणी झोपवलं तर काय बिघडलं? हळूहळू विभागातल्या सगळ्यांच्या मावश्या, काका आणि साडू टेस्ट पेशंट झाले. वय सगळ्यांचं नव्याण्णव. चार वर्षांपूर्वी कोठीवाल्यांचे सासरेही असेच छातीचा सीटी काढून गेले होते. तेव्हाचा खोकला आपोआप थांबला, म्हणून तो सीटी कुणी नीट पाहिलाही नाही.

आता खोकला परत आला आणि सासऱ्यांचा सीटी या वेळी रीतसर, त्यांच्याच नावाने झाला. उजव्या फुप्फुसात वाटाण्याएवढी गाठ निघाली.

छातीचे डॉक्टर म्हणाले, "जुना सीटी असेल तर आजच दाखवा. गाठ तेव्हाही एवढीच असेल तर हात लावायचा नाही. नाहीतर उद्या ऑपरेशन."

"आहे की!" सासरे म्हणाले. "जावईबापूंनीच काढलाय."

जावईबापूंच्या टेबलावर विभागप्रमुख मॅडमचा हुकूम सकाळपासून पडून होता: सर्व्हर भरला आहे, सगळे टेस्ट पेशंट आज पुसून टाका.

कोठीवाल्यांनी शोधायला घेतलं. शेकडो टेस्ट पेशंट, नेमकी तारीख आठवत नाही, आणि माणूस ओळखायचा तो आतून. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, बाबा स्कूटरवरून पडले ते कुठल्या अंगावर?"

"डाव्या. आत्ता काय त्याचं?"

"बरगडी सरळ जुळली होती का?"

"अहो, त्यांचं आजवर काय सरळ जुळलंय?"

हे निदान पक्कं होतं. एकाचं हृदय फुगलेलं, एकीच्या पित्ताशयात खडे, एक नुसताच ठोकळा, असं करत करत शेवटी डावीकडची वाकडी बरगडी सापडली. आणि उजवीकडे वाटाणा. कोठीवाल्यांनी पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली.

पण नव्याण्णव वर्षांच्या टेस्ट पेशंटवर विसंबून कुठला डॉक्टर ऑपरेशन रद्द करणार? प्रतिमेला खरं नाव लावायला हवं होतं, आणि तो अधिकार फक्त मॅडमना. नोकरी गेली तर बायको समजून घेईल. बाबांची छाती फुकट फाडली तर नाही. ते उठले आणि मॅडमना सगळं सांगून मोकळे झाले.

मॅडमनी दोन्ही सीटी शेजारी लावले. बराच वेळ पाहिले.

"बरगडी तीच. मणकेही तेच. गाठ केसभरही वाढलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्यांचं ऑपरेशन टळलं. तुमची चौकशी होईल."

"हो, मॅडम."

मॅडमनी नाव बदललं आणि अहवाल पाठवून दिला. मग दाराकडे बघत विचारलं, "बाकीचे पुसलेत?"

"अजून नाही."

"त्यात पेसमेकरवाल्या एक बाई आहेत."

"आहेत. मघाशीच दिसल्या."

"माझ्या सासूबाई आहेत त्या."

कोठीवाल्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. "नाव काय लावू?"

पुसण्याचा हुकूम मागे घेण्यात आला. त्या जागी दुसरा निघाला: आपापली माणसं ओळखून घेऊन जावीत. संध्याकाळपर्यंत कोठीसमोर रांग लागली होती. चौकशी समितीवर कुणाला नेमावं, याचा विचार मॅडम अजून करताहेत. अडचण एवढीच की रांगेत नसलेला माणूस सापडत नाही.

वॉर्डात सासरे उठून बसले होते. ऑपरेशन नाही म्हटल्यावर त्यांनी शेजारच्या खाटेकडे वळून सांगितलं, "आमचा जावई मोठा शिस्तीचा. काही म्हणून टाकत नाही."