लिंबाची तार

रुपरावांच्या कपड्यांना खिसे नसत. शिंप्याकडून कपडे आले की ते स्वतः ब्लेड घेऊन खिसे उसवायला बसत. उभी हयात विमानांची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेली. जेट इंजिन समोर येईल ते आत ओढतं, मग तो खिळा असो की माणसाचं बोट. म्हणून गाडी जिथे बनत होती त्या बुटीबोरीच्या शेडमध्ये चपला बाहेर, अंगठ्या बाहेर, पैशांची पिशवीसुद्धा बाहेर. लोक मागून हसायचे. हसोत बापडे.

गाडी गुंजनची, इंजिन सांभाळायचं काम रुपरावांचं. भंगारात निघालेल्या विमानाचं इंजिन, त्याच्यापुढे जेमतेम एक माणूस मावेल एवढी जागा आणि खाली चार चाकं. देशात जमिनीवर सगळ्यात वेगानं धावलेली गाडी आपली असावी, हा तिचा ध्यास. त्यापायी नोकरी सोडली, ठरलेलं लग्न मोडलं, प्रताप नगरातल्या शेजाऱ्यांनी नाकं मुरडली. शेवटी एका जुन्या विमानपट्टीवर धावायची परवानगी मिळाली, दसऱ्यानंतरच्या रविवारी, एकदाच. त्यानंतर पट्टी उखडणार होते. दुसरं इंजिन नव्हतं. असतं तर रडायचं काही कारणच नव्हतं.

खंडेनवमीला गाडी साखळ्यांनी जखडून शेवटची चाचणी ठरली. त्या दिवशी नागपुरात सायकलच्या पंपालाही हळदकुंकू लागतं, मग ही गाडी बरी सुटेल! गुंजनची आई पुष्पलताबाई ताट घेऊन आल्या. रुपरावांनी पूजा होऊ दिली, नारळ बाहेर फोडायला लावला, मग हार उतरवला, अक्षतांचा दाणा न् दाणा वेचला. इंजिनच्या तोंडात हात फिरवून म्हणाले, "आता कोणी जवळ यायचं नाई."

गुंजन हेल्मेट आणायला गेली तशा पुष्पलताबाई पुढे आल्या. हातात तारेत ओवलेलं लिंबू-मिरची, बांधायला स्वतःच्या लुगड्याची हिरवी चिंधी.

"भाऊजी, एवढं बांधू द्या. माह्या जिवाले चैन नाई."

दुसरं कोणी असतं तर रुपरावांनी हाकलून दिलं असतं. पण पोरीच्या जिवाची धास्ती त्यांनाही होतीच. "मागच्या चाकाले बांधा, वहिनी," ते म्हणाले आणि इंधनाचा नळ पाहायला वळले. परत येऊन पाहिलं नाही. बाईंना वाटलं, भय तर त्या काळ्या तोंडाचं आहे, चाकाला बांधून काय होणार? त्यांनी तोंडाच्याच काठाला बांधलं.

इंजिनचा आवाज चढत गेला आणि मध्येच आत काहीतरी खडखडलं. रुपरावांनी हात आडवा केला. गुंजननं इंजिन बंद केलं. पाती फिरायची थांबल्यावर त्यांनी आत टॉर्च मारला. पुढची तीन पाती चेपलेली, एक बुडाशी चिरलेलं. लिंबाचा वास येत होता. मागच्या फटीत तार अडकली होती, हिरव्या चिंधीसकट. गुंजनला दिसायच्या आत ती ओढून त्यांनी मुठीत घेतली.

"कानशीनं घासून होईन ना, काका?"

"टोकाले असतं तं घासलं असतं. हे बुडाशी आहे. भर वेगात सुटलं तं तुह्या पाठीतून निघन."

"एकच तं धाव आहे. मी लिहून देते, माही जबाबदारी."

"नाई, पोरी. संपलं हे."

ती चाकाला टेकून खाली बसली. म्हणाली, "आत काय गेलं?"

मागे पुष्पलताबाईंनी तोंडात पदर धरला होता. त्या काही बोलायच्या आत रुपराव म्हणाले, "लिंबू. म्या बांधलं."

गुंजननं त्यांच्या बिनखिशाच्या शर्टाकडे पाहिलं.

"तुम्ही? मले अंगठी काढाले लावणारे तुम्ही? काहून?"

"भेव वाटलं वं मले. तुह्या जिवाचं."

एवढं तरी खोटं नव्हतं.

"घरी जा, काका," ती म्हणाली. "अन् परत येऊ नका."

बाहेर चपला घालायला रुपरावांनी फार वेळ लावला. आळ आपणच ओढवून घेतला होता, तरी पुष्पलताबाई काहीतरी बोलतील अशी आशा होती. शेडमधून कोणाचाच आवाज आला नाही.

बसमध्ये कंडक्टर आला तेव्हा त्यांनी डाव्या हातानंच पिशवी उघडून पैसे काढले. उजवी मूठ घर येईपर्यंत त्यांनी उघडली नाही.