आँटीच्या कापडाची लुंगी

काळेवाडीत ज्ञानदेवांच्या घरी ऑस्ट्रेलियाहून पार्सल आलं, तेव्हा खालच्या इस्त्रीवाल्यापासून वरच्या मजल्यावरच्या इंदुताईंपर्यंत सगळ्यांना ते तासाभरात कळलं. कळणारच, सोजरबाईंनीच सांगितलं होतं. लेक मैत्री तिकडे म्हाताऱ्या माणसांच्या एका वसतिगृहात नर्स आहे, ही गोष्ट त्या कुठल्याही बोलण्यात आणू शकत. समोरची बाई मेथीच्या भावाबद्दल का बोलत असेना.

पार्सलात दोन मीटर सुती कापड निघालं. विटकरी रंगाचं, आणि त्यावर पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची नुसती दाटी. ठिपक्यांच्या मधे एकात एक वर्तुळं, आणि वर्तुळांच्या भोवती घोड्याच्या नालासारखे आकार.

ज्ञानदेवांनी चष्मा पुसून कापड नीट पाहिलं. चाकणच्या कंपनीत टूलरूममध्ये उभी हयात गेलेली. रिटायर झाले तरी नजर थोडीच रिटायर होते? "सोपं हाय," ते म्हणाले. "हे वॉशर. हे यू-बोल्ट. अन् हे ठिपके म्हंजी स्पॉट वेल्डिंग. कुठल्यातरी कंपनीचं ड्रॉइंग छापलंय बघ."

"तुमचं कायतरीच," सोजरबाई म्हणाल्या. पण त्यांनाही दुसरं काही सुचेना.

फोनवर मैत्रीने इतकंच सांगितलं, की हे चित्र तिथल्या मूळनिवासी समाजातल्या एका आजीने काढलंय. ती मैत्रीच्याच वसतिगृहात राहते आणि सगळे तिला आँटी म्हणतात. तिच्या गावच्या बायकांची संस्था अशी चित्रं कापडावर छापून विकते. "यात एक गोष्ट आहे आई, पण ती मी नाही सांगू शकत. ज्याची गोष्ट त्यानेच सांगायची, असा त्यांच्यात नियम आहे. येत्या रविवारनंतरच्या रविवारी आँटी स्वतःच सांगणार आहे. तू तोवर तयारी कर. प्रज्वलला याचं दुपटं हवंय. तुझ्या हातचं."

प्रज्वल म्हणजे मैत्रीचा मुलगा, दोन महिन्यांचा. सोजरबाईंचा पहिला नातू. बाळंतपणाला जायचं त्यांच्या मनात फार होतं, पण गुडघ्यांनी ऐन वेळी दगा दिला आणि डॉक्टरांनी विमान नको म्हणून सांगितलं. नातवाला त्यांनी पाहिलं होतं ते फोनवर, तळहाताएवढं. त्याने त्यांना तितकंसुद्धा पाहिलं नसणार. फोन बंद झाला की त्यांच्या मनात येई, पोरगं मोठं होईल, कुणीतरी बोट दाखवून सांगेल की ही तुझी आजी, आणि ते परक्या बाईकडे बघावं तसं बघेल. आपला हात त्याच्या अंगावरून फिरणार नाही, निदान आपण शिवलेलं तरी फिरावं. सोजरबाईंचा सगळा जीव त्या दुपट्यात अडकला होता.

पण अडचण होती. कापड नवंकोरं. आणि तान्ह्या लेकराच्या अंगाला नवं कापड लावायचं नाही, हे सोजरबाई आईकडून शिकल्या होत्या. नवं टोचतं, त्यातली खळ लेकराला बाधते. बाळाला कसं, माणसाच्या अंगावर वापरून मऊ झालेलं लागतं. त्यांनी कापड तीनदा धुतलं, गच्चीवर उन्हात टाकलं, पुन्हा धुतलं. तरी ते आपलं ताठच.

"पाण्यानं न्हाई व्हायचं हे जुनं," त्या शेवटी म्हणाल्या. "माणसानंच व्हईल. अवो, उठा. नेसा हे."

"मी?"

"मग काय मी नेसू लुंगी?"

ज्ञानदेव नेसले. बायकोपुढे चाळीस वर्षांत त्यांचं काही चाललं नव्हतं, ते आता चालणार होतं होय! आधी कुरकुरले, मग त्यांना ती लुंगी इतकी आवडली की ती नेसून ते दूध आणायला जाऊ लागले, कट्ट्यावर बसू लागले. शेजारचे उद्धवराव म्हणाले, "काय राव, एकदम फॉरेन!" त्यावर ज्ञानदेवांनी त्यांना कट्ट्यावर उभं राहून वॉशर आणि यू-बोल्ट समजावून सांगितले. कापड रोज थोडं थोडं मऊ होत होतं. सोजरबाई संध्याकाळी ते चिमटीत धरून बघत आणि समाधानाने मान हलवत.

ठरलेल्या रविवारी सकाळी फोन लागला. पडद्यावर मैत्री, तिच्या खांद्यावर झोपलेला प्रज्वल, आणि शेजारी खुर्चीत पांढऱ्या कुरळ्या केसांची, सावळी, रुंद चेहऱ्याची म्हातारी. सोजरबाईंनी हात जोडून "जयभीम" केला. म्हातारीनेही "जयभीम" म्हटलं, मैत्रीने शिकवलं असणार. सोजरबाईंना ती लगेच आवडली.

तेवढ्यात फोनची बॅटरी उतरत आली म्हणून ज्ञानदेव चार्जर आणायला उठले. लुंगी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, आणि पाठ बरोबर कॅमेऱ्याकडे.

"पप्पा!" मैत्री किंचाळली. बाळ दचकून रडायला लागलं. "ते काय नेसलंय तुम्ही? आई, अगं, ही त्यांच्या घरची गोष्ट आहे! तिच्या आईची, मावश्यांची! त्याची तू लुंगी केलीस? मी आता काय तोंड दाखवू हिला?"

सोजरबाईंचं तोंड एवढंएवढंसं झालं. कुणाच्या मानाच्या वस्तूला आपल्या घरात पायपोसाची कळा आली, हा विचार त्यांना सहन होईना. ज्ञानदेव भिंतीला पाठ लावून उभे राहिले, ते हलायलाही तयार नव्हते.

आँटी मैत्रीचा दंड हलवत होती. काय चाललंय ते तिला जाणून घ्यायचं होतं. "सांग तिला," सोजरबाई म्हणाल्या. "खरं हाय ते सांग. लेकरासाठी कापड जुनं करत व्हतो. आजोबाच्या अंगावरचं लेकराच्या अंगावर जावं म्हणून. चुकलं असंल तर माफी मागते मी."

मैत्रीने अडखळत इंग्रजीत सांगितलं. आँटीने सगळं ऐकून घेतलं, मग ज्ञानदेवांना वळायला लावलं, वाकून पडद्यात पाहिलं, आणि जी हसत सुटली ती खोकला येईपर्यंत. हसता हसता काहीतरी बोलली.

"ती म्हणते," मैत्रीलाही आता हसू आवरेना, "कापड नेसायलाच आहे. जी चित्रं कुणी वापरू नयेत ती आम्ही विकायला काढतच नाही. फक्त पप्पांना सांगा, मागच्या बाजूला जो आकार आहे ना, ती तिची थोरली बहीण आहे. तिच्यावर बसू नका म्हणावं."

इतके दिवस कट्ट्यावर त्या बहिणीवरच बसत आलेले ज्ञानदेव कानापर्यंत लाल झाले आणि लुंगी बदलायला आत पळाले.

मग आँटीने गोष्ट सांगितली. तिचं गाव कोरड्या मुलखातलं. तिथे पाणी वाळूखाली असतं, आणि ते कुठे आहे हे तिच्या आईच्या घराण्यातल्या बायकांना ठाऊक. वर्तुळ म्हणजे ते पाणी. वाळू उकरायची, पाणी वर येऊ द्यायचं, आणि भोवती मांडी घालून बसायचं. बाई उठून गेली की वाळूत तिच्या बैठकीची खूण उरते, ती ही नालासारखी. ही आई, ह्या मावश्या, ही बहीण. आता त्यांच्यातलं कुणी नाही, पण सगळ्या पाण्यापाशी बसल्यात.

"त्यांना कुणी उठवायचं न्हाई?" सोजरबाईंनी विचारलं.

मैत्रीने विचारून सांगितलं, "नाही. तिथे कुणी कुणाला उठवत नाही. तहानलेला परका आला तर त्यालाही बसवतात."

सोजरबाईंनी फोन जवळ ओढला. मग म्हणाल्या, "तिला इचार, त्यात एक खूण मी शिवू का? माझ्या आईची."

आँटीने मान हलवली. नाही. शब्द मऊ होते, पण नकार पक्का होता. "ती म्हणते, ते आमच्या बायांचं पाणी आहे. तिथे कुणाला बसवायचं ते मी एकटी नाही ठरवू शकत. तुमच्या आईचं तिचं स्वतःचं पाणी असेल ना?"

सोजरबाईंना ते लागलं. दोन दिवस त्या भांडी आपटत होत्या. तहानलेल्याला बसवतात म्हणे, आणि माझ्या आईला नाही! ज्ञानदेवांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवत म्हणाले, "बरोबर बोलली ती म्हातारी. तिनं तिचं पाणी सांगितलं. तू तुझं कवा सांगितलंस? पोरीला तरी?"

ज्ञानदेव सोडले तर सोजरबाईंनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मैत्रीला तर मुद्दामच नाही. पोरीने ते ओझं न घेता वाढावं, असं त्यांना वाटे.

त्या दुपारी त्यांनी ट्रंक उघडली. आईचं एक लुगडं राहिलं होतं, हिरवं, विरत आलेलं. ते त्यांनी दुपट्याच्या पाठीला लावलं. ज्ञानदेवांच्या कंपनीच्या जुन्या निळ्या शर्टातून गोल कापला आणि मधोमध टाचला. त्या गोलाला अगदी लागून लुगड्याच्या पदरातून नालासारखी एक खूण कापून बसवली. मग आत जुन्या साड्यांचे थर, वर आँटीचं कापड, आणि सगळीकडून विटकरी धावदोरा, असा की तो ठिपक्यांत दिसूही नये. शेवटी लाल दोरा घेतला. पाठीकडून एक मोठी रेघ घातली, पण सुई आँटीच्या बाजूला निघू दिली नाही. तिच्या गोष्टीत आपली खूण नको. गुडघे ठणकत होते तरी त्या जमिनीवरच बसून शिवत राहिल्या, आणि दुपटं तयार झाल्यावर गालाला लावून पाहिलं.

पार्सल पोचल्यावर मैत्रीचा फोन आला. दुपटं तिने पलंगावर उलटं अंथरलं होतं, पाठीची बाजू वर. शेजारी आँटीही होती, आणि तिचं बोट निळ्या गोलावर होतं.

"आई, आँटी विचारतेय, ही पाण्याजवळची बाई कोण?"

"तुझी आजी," सोजरबाई म्हणाल्या. आणि मग त्यांनी सांगितलं. माहेरच्या गावी विहिरीवर त्यांच्या माणसांना चढू देत नसत. आई घागर घेऊन लांब उभी राही, कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत. कधी सकाळ जाई, कधी दुपार. सोजर लहान होती, आईचा पदर धरून उभी असे. एकदा ती तहानेने रडत रडत पुढे गेली, तर आईने तिला ओढून मागे घेतलं आणि मारलं, आणि मग स्वतःच रडली. "ती बसली न्हाई गं कवा पान्याजवळ. म्हणून बसवली."

मैत्रीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने ते पुसलंही नाही. थोडं थोडं करून तिने आँटीला सगळं सांगितलं. आँटीने तळहात त्या हिरव्या खुणेशेजारी टेकवून ठेवला.

"आणि तू?" मैत्रीने विचारलं. "तू कुठे आहेस यात? तुझी आई एकटीच बसलीय."

"मी हाय की."

"कुठे? मला दिसत नाहीस."

"कडंचा लाल दोरा बघ."

मैत्री बघू लागली. लाल रेघ दुपट्याच्या तीन कडांनी फिरली होती. एका कडेवरून खाली, तळाशी वळून, दुसऱ्या कडेवरून वर. वरची बाजू मात्र मोकळी. "हे अर्धंच राहिलं का गं? वर दोरा नाहीये."

"अर्धं न्हाई. मांडी घालून बसलीया मी." सोजरबाईंनी फोन दोन्ही हातांत घट्ट धरला. "पोराला आत ठेव माझ्या."