नागसेनभाऊंच्या उजव्या हाताची फळी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. अल्लीपूर गावात नागसेनभाऊंचं लाकूड कातायचं दुकान आहे. तिथल्या खरादाच्या उजव्या बाजूला, भिंतीवर, मी अठरा वर्षांपासून आहे. खराद म्हणजे लाकूड गरगर फिरवणारं यंत्र. फिरत्या लाकडाला पटाशी लावली की त्यातून पलंगाचे पाय निघतात, लाटणी निघतात, तान्ह्या पोळ्याच्या सणाला लहान मुलं ओढतात त्या लाकडी बैलांची चाकंही निघतात.

त्याआधी मी एका पाडलेल्या घराच्या दारात होते. तेव्हा नागसेनभाऊंची हत्यारं खरादावरच, लाकडाच्या सालपटांत पडलेली असायची. एकदा एक पटाशी घरंगळून त्यांच्या पायावर पडली. जखम बांधता बांधता त्यांची बायको पंचफुला म्हणाली, "याईले एक जागा काऊन नाई करून देत जी?"

त्याच आठवड्यात त्यांनी मला रंधा मारला, सात भोकं पाडली आणि खाली एक पेटी ठोकली. हत्यारांच्या मुठी वर, धारा पेटीत झाकलेल्या. हत्यार घेताना फिरत्या लाकडावरून हात न्यावा लागू नये, म्हणून माझी जागा अगदी हाताशी ठेवली. चौकोनी लाकूड गोल करणारी जाड पटाशी पहिली. तयार तुकडा कापून वेगळा करणारी सातवी. काम जसं पुढे जाई तसा त्यांचा हात माझ्यावरून पुढे सरके.

गावातले ताराचंद गुरुजी एकदा म्हणाले, "नागसेन, माह्या वर्गातले पोरं इतक्या शिस्तीत नाई बसत!" त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

मग काही वर्षांनी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नागसेनभाऊ हत्यार घेताना माझ्याकडे बघेनासे झाले. पहिल्या मुठीवर बोट ठेवायचे आणि तिथून चाचपत मोजायचे. एक, दोन, तीन, चार. त्यांना दिसणं कमी झालं होतं. घरात ते कुणाला बोलले नाहीत. दुकान बंद पडेल, ही भीती त्यांच्या मनात होती. मला ठाऊक होतं, पण फळीने कुणाला सांगायचं?

बुद्धपौर्णिमेच्या आधी घराला चुना लागला. पंचफुलाने दुकानही आवरलं. सगळी हत्यारं काढून पुसली, तेलाचा हात दिला आणि मोठ्यापासून लहानापर्यंत उंचीप्रमाणे लावली. मी खरंच सुंदर दिसत होते. नवऱ्याला बरं वाटेल, एवढंच तिच्या मनात होतं.

सकाळी नागसेनभाऊंनी मोजून चौथं हत्यार उचललं. त्यांना हवी होती गोल पटाशी, हाती आली सपाट. तिचा कोपरा फिरत्या लाकडात रुतला. लाकूड उसळलं आणि त्यांच्या कपाळाला लागलं. पंचफुला धावत आली. तिने खराद बंद केला, पदराने रक्त दाबलं. खाली सपाट पटाशी पडलेली पाहून ती थबकली. नीट दिसलं असतं तर त्यांनी ती उचललीच नसती.

"तुमाले दिसत नाई का जी?"

त्यांनी मान खाली घातली.

"सांगा ना. कवापासून?"

"दोन वर्सं झाले."

"अन् मले नाई सांगितलं?"

"तू घाबरशील मनून."

ती त्यांच्याशेजारी सालपटांतच बसली आणि रडली. मलाही रडू येत होतं. माझ्याच अंगावरून चुकीची पटाशी त्यांच्या हाती गेली होती.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली औषधाने टिकणार होती. खराद गोणपाटाखाली गेला. माझ्या भोकांत कुणी छत्री अडकवली, कुणी पिशव्या. कोपऱ्यात पडलेल्या हत्यारांवर गंज चढला. नागसेनभाऊ दिवसभर ओट्यावर बसून राहत.

पावसाळा सरल्यावर एका दुपारी पंचफुलाने माझ्यावरचं सगळं सामान काढलं. गंज घासला आणि नवऱ्याचा हात धरून त्यांना आत आणलं.

"पयलं कोन्तं? तुमीच लावा."

त्यांनी एकेक मूठ हातात फिरवून पाहिली आणि सातही हत्यारं जागच्या जागी ठेवली. शेवटची ठेवून झाली तेव्हा त्यांचा चेहरा मोकळा झाला होता.

"आता मले शिकवा," ती म्हणाली.

"तुले? या वयात?"

"तुमी आवाज आयका, मी हात चालवतो."

तेव्हापासून ती खरादावर उभी राहते आणि ते स्टुलावर बसून ऐकतात. "आवाज फाटून राह्यला, धार लाव," असं म्हणतात, आणि ती लावते. तिचं पहिलं लाटणं झालं तेव्हा त्यांनी ते कितीतरी वेळ तळहातांत फिरवलं.

"मंधात फुगलं थोडं."

"मंग? फेकू?"

"फेकतं कायले? आज याच्यावरच पोया लाटजो."

मित्रांनो, वस्तू जागच्या जागी ठेवा, त्यांना गंजू देऊ नका. पण दुसऱ्याची वस्तू हलवायची असेल, तर आधी त्याला एकदा विचारा. आणि तुम्हाला काही दुखत असेल, दिसत नसेल, तर घरच्यांना सांगा. मी भिंतीवरची फळी, मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.